‘नाही’ कुठल्या कॅप्शनमध्ये?

विरार लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेला माणूस शेजारच्याच्या मोबाइलमधला व्हिडिओ बघत असतो. आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो कॅप्शन वाचतो. मराठी व्हिडिओला कॅप्शन देताना डोळ्यांसमोर ठेवायचा प्रेक्षक हाच. याला कळलं की बाकीच्यांना कळतंच.

मराठी वाक्याचा जीव शेवटी असतो. ‘उद्या पाणी येणार’ एवढंच येऊन गेलं आणि ‘नाही’ पुढच्या कॅप्शनमध्ये उगवलं, तर तेवढ्यात अख्खी चाळ पिंपं रिकामी करून मोकळी! ऑटो-कॅप्शन बहुतेक वेळा बोलणारा थांबला तिथे तुकडा पाडतं. अर्थ कुठे थांबला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. असे तुकडे टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या वेळपट्टीवर, हातानेच जोडावे लागतात. एका वेळी दोनच ओळी. निदान एक सेकंद, फार तर सहा-सात. लागोपाठच्या दोन कॅप्शनमध्ये दोन फ्रेमची फट सोडावी, नाहीतर मजकूर बदलल्याचं पटकन लक्षात येत नाही.

देवनागरीची खरी परीक्षा तयार टेम्प्लेटमध्ये होते, कारण ती बहुतेक रोमन अक्षरांसाठी घडवलेली असतात. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, जरा वाढवलं की शिरोरेषा तुटते. ते शून्यावरच बरं. एकेक अक्षर उमटवणाऱ्या टाइपरायटर इफेक्टमध्ये ‘कि’ उमटताना आधी ‘क’ येतो, मग वेलांटी त्याच्या डावीकडे घुसते आणि ओळ उचकी लागल्यासारखी हलते. त्यापेक्षा शब्द सबंध आणावा. दोन ओळींतलं अंतर फाँटच्या आकाराच्या साधारण 1.4 पट ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर आदळतो. जाड काळ्या किनारीने ‘थ’, ‘ध’ यांची पोटं बुजतात; मागे अर्धपारदर्शक पट्टी दिलेली केव्हाही चांगली. (पिवळी अक्षरं, लाल किनार आणि वर सावली, हे वाढदिवसाच्या बॅनरला सोडून द्यावं.)

प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली, तर प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करावं. फाँट युनिकोडच हवा. फाँट घडवणाऱ्या मुंबईच्याच ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू मोफत मिळतात. कुठलाही घेतला तरी आधी ‘दुसऱ्या’ लिहून बघावं: ‘ऱ्य’ नीट आला तर पुढे जावं.

उभ्या व्हिडिओत, म्हणजे 1080×1920 मध्ये, खालचा साधारण पाचवा भाग मोकळा ठेवावा. तिथे ॲपवाल्यांची नावं आणि बटणं येऊन बसतात.

एसआरटी, म्हणजे कॅप्शनचा मजकूर आणि वेळा असलेली वेगळी फाइल, यूटीएफ-8 या युनिकोड एन्कोडिंगमध्येच सेव्ह करावी, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. वेळेत मिलिसेकंदाआधी स्वल्पविराम लागतो, टिंब नाही: 00:00:04,200. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरणार असेल तर वेगळी एसआरटी त्याच्यासोबत जात नाही. कॅप्शन चित्रातच बर्न करावी, म्हणजे कायमची छापून टाकावी लागते. बर्न झालेली चुकीची वेलांटी मग सगळ्या फॅमिली ग्रुपांतून फिरून येते, म्हणून एक्स्पोर्टआधी एकदा आवाज बंद करून, मोबाइलवर, हातभर अंतरावरून वाचून घ्यावं.