दर्यापूरची बादली

बादली पुढ्यात ठेवली. घोडीनं ओठ टेकवले, दोन घोट घेतले, वरचा ओठ उलटा करून दात दाखवले आणि मान फिरवली. सकाळपासून तीसेक किलोमीटर चालून आलेली घोडी, खांद्यावर घामाचं मीठ पांढरं वाळलेलं, आणि पाण्याला नाही म्हणते. पाणी बोअरचं होतं, दिसायला काचेसारखं नितळ. बोट बुडवून चाटलं तर आधी मचूळ लागलं, मग जिभेच्या मुळाशी कडू. ज्यांच्या गोठ्यात उतरलो होतो ते आजोबा म्हणाले, "आमचे ढोरं तं हेच पाणी पेतात बावा. तुमची घोडी लय नखऱ्याची दिसते."

गाव दर्यापूरच्या अलीकडचं. तालुक्याच्या नावातच दर्या आहे, हे तेव्हा सुचलं आणि हसू काही आलं नाही.

कारंजा ते परतवाडा, दोन स्वतःची जनावरं, एक घोडी आणि एक घोडा, चार दिवस, डिसेंबर. कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असे टप्पे पंचवीस-तीस किलोमीटरच्या आसपास पडतात. घोडा कदम चालीनं तासाला सहा किलोमीटर जातो, म्हणजे सातला निघालं तर थांबे धरूनही एक-दीडपर्यंत मुक्कामाला पोचता येतं. कागदावर इतकी सरळ आखणी विदर्भात दुसरी सापडणार नाही. शकुंतला या जुन्या छोट्या रेल्वेगाडीचा रूळही सोबतीला आहे. गाडी बंद, रूळ गवतात. रुळावरून घोडा नेण्याचा मोह मात्र आवरावा. जागा रेल्वेची, आणि ती खडी तळव्यात अशी घुसते की दुसऱ्या दिवशी घोडा एका पायानं लंगडायला लागतो.

आखणीत चूक कुठे झाली? मुक्काम ठरवताना माणसांची सोय पाहिली. कुणाच्या ओळखीचं घर, कुठे जेवण, कुठे चार्जिंग. पाणी सगळीकडे असतंच, हे गृहीत धरलं. मूर्तिजापूर-दर्यापूरचा सगळा पट्टा खारपाणपट्ट्यात येतो हे शाळेत शिकलेलं, वर्तमानपत्रात दर उन्हाळ्यात वाचलेलं, पण बादली भरेपर्यंत डोक्यात आलं नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली ही खोल गाळाची, निचरा न होणारी जमीन. अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत ती पसरली आहे, आणि तिच्यातलं भूजल क्षारांनी भरलेलं आहे. तिथली गुरं जन्मापासून त्या चवीवर वाढतात. बाहेरून आलेला घोडा तहानेनं व्याकूळ झाला तरी बऱ्याचदा अनोळखी पाण्याला तोंड लावत नाही.

आणि घोड्याचं पोट बैलाचं नाही. रवंथ नाही, ओकारी नाही. घोड्याला उलटी होतच नाही, जे आत गेलं ते पुढेच सरकायला हवं. कोरडी वैरण पोटात आणि वर पाणी नाही, म्हणजे आतड्यात बोळा बसून पोटशूळ. रात्री घोडा कुशीकडे वळून बघायला लागला, पायानं माती उकरायला लागला, की समजायचं आता गाडी काढून दवाखाना शोधायचा.

हिशेब आधी करायला हवा होता तो असा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, तोच आकडा त्यालाच गुणा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ११,८७७ नं भागा. आमच्या घोडीचा घेर १६०, लांबी १४५, म्हणजे वजन ३१२ किलोच्या आसपास. एवढ्या घोड्याला नुसतं उभं राहून पंधराएक लिटर पाणी लागतं आणि दिवसभर चालला तर पंचवीस ते तीस. दोघांचे साठ लिटर, रोज. एवढं पाणी खोगिराला बांधून नेता येत नाही. मागे पिकअप हवी, त्यात पाण्याच्या कॅन हव्यात.

याच वजनावरून दुसरा, जरा लाजिरवाणा हिशेब निघतो. स्वार, खोगीर, पिशव्या मिळून वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहावं असा दंडक आहे. ३१२ चा पाचवा हिस्सा ६२ किलो. खोगीरच आठ-नऊ किलोचं. माझ्या पोटाकडे बघून बाकीचं गणित वाचकांनी करावं. उपाय एकच, तासातली पंधरा-वीस मिनिटं उतरून लगाम धरून चालायचं. उतारावर तर उतरायचंच. स्वाराचे पाय मोकळे होतात म्हणून सांगतात, खरं कारण घोड्याची पाठ.

पहिला दिवस, कारंजा ते मूर्तिजापूर, सांगण्यासारखा नाही. डांबरी रस्ता, ट्रकचे हॉर्न. लग्नाच्या वरातीत बँडपुढे नाचलेले घोडे असल्यामुळे आवाजाला कुणी दचकलं नाही, एवढाच वरातीचा फायदा. बाकी वरातीचा घोडा म्हणजे ठाणावर उभा राहून चंदी खाल्लेला. त्याला थेट तीस किलोमीटर चालवलं तर तिसऱ्या दिवशी पाय भरतात. सहा आठवडे आधीपासून पाच, आठ, बारा, वीस असं वाढवत न्यावं लागतं. तुळशीच्या लग्नानंतर वरातीच्या सुपाऱ्या सुरू होतात, त्यामुळे ज्याचं पोट घोड्यावर आहे त्याला हे सहा आठवडे परवडत नाहीत, हेही खरं.

नालेचं आधीच सांगून ठेवतो. नाल निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी ठोकून घ्यायची, आदल्या दिवशी कधीच नाही. खिळा खुरातल्या जिवंत भागाच्या जवळ बसला असेल तर तो दोन-चार दिवसांनी कळतो, आणि तेव्हा घर जवळ असलेलं बरं. वाटेत नालबंद मिळतो, पण तो बैलाचा. बैलाच्या खुराला दोन वेगळ्या पत्र्या असतात आणि बैलाला पाडून, पाय बांधून ठोकतात. तो माणूस मनानं कितीही चांगला असला तरी घोड्याचा पाय त्याच्या हाती देऊ नये. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या पायाची एकेक तयार, मापाची नाल, वीस खिळे, हातोडी, कानस आणि पक्कड पिकअपमध्ये असावी. सैल झालेली नाल काढायला तरी स्वतः शिकावं. अर्धवट निघालेल्या नालेवर घोड्याचाच पाय पडला की खुराची भिंत उचकटते.

मूर्तिजापूर सोडल्यावर डांबर टाळून पांदणीनं, म्हणजे शेतांमधल्या वाटेनं, जायचं ठरवलं होतं. सरकारी संकेतस्थळावर गावनकाशे मिळतात, त्यात गाडीरस्ते आणि शिवरस्ते दिसतात. नकाशावर जिथून दोन बैलगाड्या जातील तिथे जमिनीवर तूर उभी, डोक्याइतकी. दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, पांदण खाल्लेली. तक्रार करायला आपण कोण, आपण चार दिवसांचे पाहुणे, पण गावोगाव पांदण मोकळी करण्याच्या योजनांचे फलक पाहिले आणि पांदण मात्र शोधावी लागली. उरलेल्या पांदणीत तीन गोष्टींवर नजर लागते. पहिली, काळ्या जमिनीच्या भेगा. डिसेंबरात घोड्याचा खूर आत जाईल एवढ्या होतात, आणि वर वाळलेलं गवत पडलं की दिसत नाहीत. दुसरी, रोही आणि रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन, म्हणजे विजेचं कुंपण. बारीक तार, उंची घोड्याच्या गुडघ्याएवढी. शेतकऱ्याला विचारून बंद करून घ्यावी, नाहीतर वळसा घालावा. झटका बसलेला घोडा स्वाराची वाट पाहत नाही. तिसरी, हिरवा हरभरा. घोडा चालता चालता तोंड मारतो, शेतकरी रागावतो तो योग्यच रागावतो, आणि ओला हरभरा पोटात गॅस धरतो. जाळीचं मुसकं घालावं. धुऱ्यावरचं गवतही चारू नये, कुठे तणनाशक मारलंय ते विचारल्याशिवाय कळत नाही.

लाखपुरीला पूर्णा ओलांडली. घाटावर पाच मिनिटं थांबलो.

खोगीर उतरवल्यावर पाठीकडे बघायची सवय लावून घ्यावी. नमद्याखालचा, म्हणजे खोगिराखालच्या जाड घडीखालचा, घाम सगळीकडे सारखा ओला हवा. ओल्यात मधेच तळहाताएवढी कोरडी जागा दिसली तर समजायचं तिथे खोगीर दाबतंय, रक्त थांबलंय, म्हणून घाम नाही. आज कोरडं, उद्या सूज, परवा जखम, आणि मग त्या जागी जन्मभर पांढरे केस. आमच्या घोड्याला खांद्याच्या उंचवट्याजवळ तसं दिसलं. जुना नमदा तेवढ्यापुरता कापून खिडकी केली, वर दुसरा पातळ नमदा टाकला, तेव्हा पुढचे दोन दिवस निभावलं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नये, तीनदा ओढावा: खोगीर टाकल्यावर, चढण्याआधी, आणि दहा मिनिटं चालून झाल्यावर. दोन बोटं जायला हवीत.

आता पुन्हा ती बादली.

आजोबांनी हौसेनं सरकीची ढेप आणि सोयाबीनचं कुटार पुढे केलं. विदर्भात पाहुण्याच्या जनावराला ढेप देणं म्हणजे माणसाला पुरणपोळी. नाही म्हणताना जीव ओशाळतो, पण म्हणावंच लागतं. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ढेपेला बुरशी असेल तर आणखी वाईट, आणि बारीक कोरडं कुटार पाण्याशिवाय पोटात सिमेंटसारखं बसतं. गुरांच्या पिशवीबंद खाद्यालाही हात जोडावेत. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय त्यानं बंद पडतं. कडबा चालतो, ज्वारीची कोवळी हिरवी धाटं मात्र नाहीत, किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते. अडचण अशी की ज्वारी कमी झाली, सोयाबीन वाढलं, आणि कडबा शोधत गावभर फिरावं लागतं. म्हणून वैरण बरोबर न्यावी, घोड्यामागे रोज सहा किलो, वर भिजवलेले हरभरे किलोभर.

त्या रात्री पाणी पोटात घालायचे जे मार्ग होते ते एकेक करून पाहिले. पहिला, गूळ. अर्धी मूठ गूळ बादलीत विरघळवला. घोडीनं हुंगलं, चार घोट, बस. ही युक्ती घरापासून करायची असते. आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात थोडा गूळ टाकत राहिलं की पाणी कुठलंही असो, चव ओळखीची लागते. मुक्कामाला येऊन गूळ टाकणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर. दुसरा, कोंडा. अर्धा किलो गव्हाचा कोंडा पाच लिटर पाण्यात पातळ कालवून. तेच मचूळ पाणी, पण घोड्यानं बादली चाटून पुसली. घोडीनं निम्मी ठेवली. तिसरा, वैरण भिजवून देणं. कडबा तासभर पाण्यात बुडवून ठेवला, निथळत समोर टाकला.

मीठ त्या दिवशी बंद. रोजचं तीस ग्रॅम, घाम आला तर दुप्पट, हा नियम पाणी पिणाऱ्या घोड्यासाठी आहे. न पिणाऱ्याला मीठ किंवा इलेक्ट्रोलाइट दिलं तर अंगातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं.

मग आजोबांच्या नातवानं उपाय काढला. "काका, जार आणू का?" गावात आरओचा प्लांट होता. वीस लिटरचे तीन निळे जार मोटरसायकलवर दोन फेऱ्यांत आले, तीस रुपयांना एक. गाव जमलं. "घोडं बिसलेरी पेते पाय!" घोडीनं पहिला जार न थांबता संपवला. पिताना प्रत्येक घोटाला घोड्याचे कान मागे-पुढे हलतात, ते मोजले की किती प्याला याचा अंदाज येतो. एका घोटात पाव लिटरच्या आतबाहेर. त्या रात्री कान हलताना पाहणं हे एकच काम होतं.

तरी दोन तासांनी उठून तपासत राहिलो. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची, लगेच बसली पाहिजे. हिरडीवर अंगठा दाबायचा, पांढरा डाग दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. कुशीला कान लावायचा, दोन्ही बाजूंना गुडगुड ऐकू आली पाहिजे. शांत पोट हे वाईट पोट. जबड्याच्या कडेला नाडी, विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४. आणि लीद. गोळे ओलसर हवेत, जमिनीवर पडल्यावर फुटायला हवेत. बारीक, कडक, वर चकचकीत साय धरलेली लीद म्हणजे पाणी कमी पडलंय. पहाटे चारला घोडीनं लीद टाकली, टॉर्चच्या उजेडात ती काडीनं फोडून पाहिली आणि आजोबा ओसरीवरून विचारते झाले, "बरी हाय न?"

बांधण्याबद्दल एवढंच. गोठ्याशेजारी कण्हेर होती, देवाला फुलं म्हणून लावलेली. विदर्भात घराघरांत, देवळात, शाळेच्या कुंपणाला असते. मूठभर पानं घोड्याला मारायला पुरतात, वाळलेलीसुद्धा. जागा बदलून, दोरी खांद्याच्या उंचीवर, हातभर ठेवून, एका झटक्यात सुटेल अशा गाठीनं बांधले. विजेच्या खांबाला कधीच नाही.

शेततळ्याचं सुचलं ते दुसऱ्या दिवशी, नेहमीप्रमाणे उशिरा. खारपाणपट्ट्यात पावसाचं साठवलेलं पाणी गोड असतं, आणि शेततळी पुष्कळ आहेत. घोडा मात्र काठावर न्यायचा नाही. आतलं प्लॅस्टिक निसरडं, उतरलेलं जनावर वर येत नाही. दोरीला बादली बांधून काढायचं.

कागदपत्रांचं कुणी विचारलं नाही, पण ठेवावीत. पशुवैद्यकीय दवाखान्याचा आरोग्य दाखला, धनुर्वाताची लस, ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्तचाचणी. ग्लँडर्स माणसालाही होतो, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यानुसार बाधित घोडा मारावाच लागतो. म्हणून वाटेत सामाईक हौदावर घोडा पाजू नये, बादली आपली, तोबरा आपला.

अंजनगावच्या वाटेवर जमीन हळूहळू सातपुड्याकडे चढते आणि पाण्याची चव बदलते. पानमळे, केळी, पानपिंपरी. ३० डिसेंबर १८०३ ला शिंदे आणि इंग्रजांचा तह इथेच झाला. महिनाभर आधी आडगावला लढाई, मधे गाविलगड पडला. या सगळ्या मुलखात तेव्हा हजारो घोडी होती, हाच महिना, हीच पूर्णा. ती कुठलं पाणी पीत होती, हा प्रश्न तीन जारवाल्या माणसाला पडणारच.

परतवाड्याला संत्र्याच्या बागेत थांबलो. चिखलदऱ्याचा घाट चढायचा नव्हताच. वर मेळघाटचं जंगल, व्याघ्रप्रकल्पात पाळीव जनावर नेत नाहीत. बागेतल्या विहिरीचं पाणी बादलीत ओतलं, सवयीनं गूळ शोधायला पिशवीत हात घातला, तोवर घोडीचे कान हलायला लागले होते. मळेकरी दादा मोजत होते, मीही मोजत होतो. सत्तरवर आमचे आकडे जुळेनात.