प्रेस बंद झाली, कागदाचं काय करायचं

मार्च एंडला आम्ही बाबांची प्रेस बंद केली. नारायण पेठेतल्या एका बोळातल्या दोन खोल्या, बस एवढीच. ऑफसेट मशीन विकलं गेलं, कटिंग मशीनलाही गिऱ्हाईक मिळालं, आणि मग ज्याला कुणी विचारत नाही ते सगळं मागे राहिलं, म्हणजे अर्धवट फोडलेले रिम, कार्डशीटचं कटिंग, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचे अल्बम, चार कॉम्प्युटर, लोखंडी रॅक, शाईचे डबे. रद्दीवाले दादा बघून गेले, एकगठ्ठा भावही सांगून गेले, पण माझ्या जिवावर आलं. एक शीट वाया गेलं तरी बाबा दिवसभर हळहळायचे.

शाळेला देऊया हे लगेच डोक्यात आलं, पण त्याबाबतीत आमच्या हातून आधी एक चूक झालेली आहे आणि ती मला अजून टोचते. दहा-बारा वर्षांपूर्वी ऑफिसचे कॉम्प्युटर बदलले तेव्हा जुने, डब्यासारख्या मॉनिटरवाले, आम्ही एका जिल्हा परिषद शाळेला दिले. कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ झालं, फोटो काढले. दोन वर्षांनी सहज गेले तर ते वर्गाच्या कोपऱ्यात चादरीखाली पडलेले आणि चार मुलांची बसायची जागा अडवलेली. सर काही बोलले नाहीत, एवढंच म्हणाले की ताई, वस्तू एकदा जडवस्तू नोंदवहीत चढली की आम्हाला ती अशी फेकता येत नाही, निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करायचा प्रस्ताव पाठवावा लागतो, मंजुरी येईपर्यंत सांभाळावी लागते. म्हणजे आमचं ओझं आम्ही त्यांच्या गळ्यात घातलं होतं, आणि वर सत्कार घेतला होता.

म्हणून यावेळी टेम्पो भरायच्या आधी फोन केला. भोर तालुक्यातल्या एका वाडीवरची शाळा, दोन शिक्षकी, पहिली ते चौथी. "घ्याल का" असं नाही विचारलं, "काय लागतं" असं विचारलं, आणि एवढ्यानेच सगळं बदललं. मॅडमनी कॉम्प्युटरचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, तुमच्याकडे जाड कागदाच्या पट्ट्या असतात का हो, शब्दपट्ट्या आणि वाक्यपट्ट्या करायला, दरवर्षी कार्डशीट विकत आणून कापत बसते मी. आणि आमच्याकडे तर व्हिजिटिंग कार्डं कापली की दोन-तीन इंची पट्ट्या रोज पोत्यात जायच्या! इतकी वर्षं आम्ही त्या किलोवर विकल्या, आणि तिकडे एक बाई पदरचे पैसे घालून तेच विकत आणत होत्या, हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

बाइंडिंगच्या मावशी हिशोब घ्यायला आल्या होत्या त्यांना सांगितलं तर त्या दोन दिवस थांबल्याच. मॅपलिथोचे, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाचे, जे रिम उरले होते त्याच्या वह्या शिवल्या, कोऱ्या, बिनरेघी. पट्ट्यांचे कोपरे गोल केले, मुलांच्या हाताला टोचू नये म्हणून, हे मला सुचलंच नसतं. पत्रिकांचे अल्बम सुटे केले, पण आधी ज्या पत्रिकांवर खऱ्या लोकांची नावं-पत्ते होते त्या बाजूला काढल्या. हे नक्की करा हं, पाठकोरा कागद म्हणून आपण गिऱ्हाइकांचे लेटरहेड आणि पावतीपुस्तकं बिनधास्त देऊन टाकतो आणि ते कुठे फिरेल याचा नेम नसतो. ते सगळं मी फाडून मगच रद्दीत दिलं.

एका बाजूने छापलेलं जाड, बिनचकचकीत कार्ड बरंच होतं. ते पुण्यातल्याच एका अंध मुलांच्या शाळेत नेलं. ब्रेलला जाड कागद लागतो, नाहीतर ठिपका उठत नाही किंवा कागद फाटतो, आणि सरावाला आधी काय छापलंय याने काहीच फरक पडत नाही. जुनी टेबल कॅलेंडरंसुद्धा यासाठी चालतात, तुमच्या ऑफिसात जानेवारीत पडून असतील तर टाकू नका, आधी विचारा.

काही गोष्टी मात्र अजिबात नाही दिल्या. जुन्या ट्रेडल छपाई मशीनच्या काळातले खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, दोन खणांचे ट्रे भरून होते. एकजण म्हणाला मुलांना दे, अक्षरं ओळखतील, छान दिसतात. अहो, ते शिशाचे असतात! मुलं तोंडात घालतात. शाई आणि प्लेटचं केमिकल ओळखीच्या प्रेसवाल्याला दिलं. दोन कॉम्प्युटर पार गेलेले होते, ते नोंदणीकृत ई-कचरावाल्यांकडे. उरलेल्या दोनांच्या हार्ड डिस्क नुसत्या फॉरमॅट नाही, पूर्ण पुसून घेतल्या, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय म्हणून भाच्याने लिनक्स टाकून दिलं. मग मॅडमना परत विचारलं. त्यांनी एकच मागितला, कारण एकच चालवता येईल एवढीच सोय आहे. एकच दिला.

सीएंना विचारलं तर दोन गोष्टी कळल्या. वस्तू दिल्या तर देणगीवरची आयकरातली सूट, ८०जी म्हणतात ती, मिळत नाही, ती फक्त पैशांच्या देणगीला. आणि ज्या कागदावर जीएसटीचं क्रेडिट घेतलेलं, म्हणजे खरेदीच्या वेळी दिलेला कर आपल्या करातून वजा केलेला, तो कागद फुकट दिला तर तेवढी रक्कम परत भरावी लागते. रद्दीवाल्याकडून चार पैसे तरी आले असते. बाबांना सांगितलं, ते म्हणाले, भर.

शनिवारी छोटा हत्ती केला आणि कात्रज, कापूरहोळ करत भोरला गेलो, पुढे वाडीपर्यंत. बाबा पुढे ड्रायव्हरदादांशेजारी. लोकसहभागाच्या वहीत नोंद झाली, चहा झाला, शाल नको म्हणून आधीच सांगितलं होतं. पहिलीतल्या एका मुलीने कोरी वही उघडली, आधी वास घेतला, मग बाबांना विचारलं यात काय लिहायचं. बाबा पन्नास वर्षं कागदात होते, पण हे त्यांना कधी कुणी विचारलं नसावं. ते म्हणाले, तुला वाटेल ते. तिने आंब्याचं झाड काढलं.

रॅक अजून दोन उरलेत. मॅडम म्हणाल्या पुस्तकं ठेवायला हवेत, पण उंची कमी करून द्या, पहिलीच्या मुलांचा हात पोचला पाहिजे. वेल्डरला बुधवारी बोलावलंय.