आईचा वॉकर आणि फुटपाथवरच्या दोन गाड्या

एडिनबर्गला राहायला लागून अकरा वर्षं झाली. इथे लिहिते ते सहसा तिकडचं असतं: थंडी, मुलाची शाळा, भारतीय दुकानातली कोथिंबीर. या वेळी मात्र पार्ल्यातून लिहितेय. डिसेंबरात आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. त्यासाठी तीन महिने रजा काढून आले, आणि आल्यापासून माझा जीव गेटाबाहेरच्या फुटपाथमध्ये अडकलाय.

आमची गल्ली पार्ले पूर्वेची. जुन्या तीन-चार मजली बिल्डिंगी, मधूनमधून रिडेव्हलपमेंट होऊन उभे राहिलेले टॉवर, आणि गेटाबाहेर जेमतेम दीड मीटरचा फुटपाथ. शाळेत असताना याच फुटपाथवरून आम्ही तिघी मैत्रिणी हातात हात घालून पार्ले टिळकला जायचो. आता आमच्या गेटापासून कोपऱ्यापर्यंत शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या दोन गाड्या उभ्या असतात. एक मोठी पांढरी एसयूव्ही, दुसरी लाल हॅचबॅक. दोन चाकं वर, दोन रस्त्यावर. पुढच्या चाकाखालचे पेव्हर ब्लॉक दबून खड्डा झालाय आणि त्यात दिवसभर एसीचं पाणी साचतं.

फिजिओथेरपिस्टनी सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं बाहेर चालायचं. पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता मी आईला घेऊन निघाले. गेटातून बाहेर पडून दहा पावलं गेलो असू, समोर एसयूव्ही. गाडी आणि कंपाउंडच्या भिंतीमध्ये जी फट होती तिच्यात वॉकर शिरेना. आईने आडवा करून पाहिला, तर मग तिलाच उभं राहायला जागा नाही. शेवटी खाली रस्त्यावर उतरायचं ठरवलं. वॉकरचे पुढचे दोन पाय खाली ठेवले आणि ती थांबली. उतार नाही, सरळ पायरी. तिच्या हाताच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला हाताने थांबवलं, आईच्या काखेत हात घातला आणि कसंबसं खाली घेतलं. कोपऱ्यावर पोचलो तेव्हा ती म्हणाली, "राहू दे बाई. मी घरातच फेऱ्या मारत जाईन."

आमचा हॉल अकरा पावलांचा आहे.

त्या दुपारी मी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन खाली गेले. गाडी आणि भिंत यांच्यातली फट 53 सेंटिमीटर. वॉकरची रुंदी 61. फुटपाथची रस्त्यापासूनची उंची 23. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांसाठी 2012 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा असावी आणि कडेची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असं म्हटलंय. म्हणजे आमचा फुटपाथ मुळातच अरुंद आणि उंच, आणि त्यावर ही गाडी.

एडिनबर्गमध्ये मला हाच प्रश्न बाबागाडीच्या वेळी आला होता. आमची तिकडची बिल्डिंग जुन्या दगडी बांधणीची आहे. तिला पार्किंग नाही, त्यामुळे सगळ्यांच्या गाड्या रस्त्यावर असतात. शेजारच्या दारातला एक गृहस्थ त्याच्या दोन्ही गाड्या अर्ध्या फुटपाथवर चढवायचा. मी एकदा त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, रस्ता अरुंद आहे, पूर्ण खाली लावली तर आरसा तुटतो आणि आगीचा बंब जाणार कसा? त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण जानेवारीत कडेला बर्फाचा पातळ थर असताना बाबागाडी घेऊन रस्त्यावर उतरणारी मी होते. आमच्याच गल्लीत पांढरी काठी घेऊन चालणारी एक बाईही होती. तिची काठी त्या गाडीच्या बंपरवर आपटायची तो आवाज मला आजही आठवतो.

मग कायदा आला. लंडनमध्ये फुटपाथवर गाडी लावायला 1974 पासून बंदी आहे, पण स्कॉटलंडमध्ये तशी सरसकट बंदी नव्हती. तिथल्या संसदेने 2019 मध्ये कायदा केला. एडिनबर्गमध्ये तो 29 जानेवारी 2024 पासून प्रत्यक्ष लागू झाला, शहरातल्या एकाही रस्त्याला सूट न देता. दंड 100 पौंड, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेदहा हजार रुपये, चौदा दिवसांत भरले तर निम्मे. मालाच्या गाडीला वीस मिनिटांची मुभा आहे, तीसुद्धा चालायला दीड मीटर मोकळं ठेवलं तरच. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याच्या दोन्ही गाड्या खाली आल्या. त्यांच्यासाठी रस्त्यावर जागा निघाली. आगीचे बंबही जाताहेत.

तिथे मला पुन्हा एक शब्दही बोलावा लागला नाही. ती सवय अंगात मुरली होती आणि तीच मी पार्ल्यात घेऊन आले. टेपने मापं घेतली त्याच संध्याकाळी कागदावर लिहिलं, "ही गाडी फुटपाथवर असल्यामुळे वॉकर घेऊन चालणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना रस्त्यावर उतरावं लागतं, कृपया काढावी", आणि तो दोन्ही गाड्यांच्या वायपरखाली लावला. नाव लिहिलं नाही. तिकडे असंच करतात.

दुसऱ्या दिवशी काकू भाजीवालीपाशी दिसल्या आणि मान फिरवून गेल्या. वॉकर गल्लीत एकच आहे, तेव्हा कागद कोणाचा हे कळायला वेळ लागला नसणार. आईला समजलं तेव्हा ती खरंच चिडली. "कागद कसला लावतेस? चाळीस वर्षं शेजार आहे. तुझे बाबा गेले तेव्हा रात्री दोन वाजता हेच आले होते धावत. काही बोलायचं असेल तर घरी जाऊन बोल ना त्यांच्या." मला वाईट वाटलं, कारण ती बरोबर होती. मुद्दा माझा खरा होता, पण चाळीस वर्षांच्या शेजाऱ्याला मी बिननावाची चिठ्ठी पाठवली होती.

संक्रांतीच्या संध्याकाळी तिळाच्या वड्या घेऊन गेले. काकूंनी पाणी दिलं, बस म्हणाल्या, बाकी गप्प. काका पेपर खाली न ठेवता म्हणाले, "बोल."

"काका, चिठ्ठी मी लावली होती. आधी तुमच्याकडे यायला हवं होतं. चुकलं माझं."

तेव्हा पेपर खाली आला. "अगं, तूच सांग, गाडी लावू कुठे? अठ्ठावीस फ्लॅट आणि खाली नऊ गाड्यांची जागा. आमचा नंबर वर्षाआड लागतो. कोपऱ्यापलीकडे लावली की टोइंगवाले उचलतात. आणि त्या फुटपाथवर चालतंय कोण? फुटलेलाच आहे तो."

यातली पार्किंगची अडचण खरी आहे. या बिल्डिंगी बांधल्या तेव्हा घरटी एक स्कूटर असली तरी पुष्कळ होतं. विकत घ्यायची म्हटली तरी स्टिल्टची, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधली जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही. मुंबईतल्याच एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 ला तसा निकाल दिलाय. जागा सोसायटीची, आणि सोसायटीत जागेपेक्षा गाड्या जास्त. हे मला मान्य आहे. पण "चालतंय कोण" हे मला मान्य नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. गाडी असते म्हणून कोणी चालत नाही, आणि कोणी चालत नाही म्हणून गाडी असते.

मी त्यांना 53 आणि 61 हे आकडे सांगितले. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग म्हटलं, "काका, उद्या सकाळी सात वाजता पाच मिनिटं खाली याल का? आई चालायला निघते तेव्हा."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. बनियनवर शाल, हातात दुधाची पिशवी. आईने नेहमीप्रमाणे वॉकरचे पुढचे पाय खाली ठेवले आणि थांबली. मी मुद्दाम हात लावला नाही. आज मागे वळून पाहताना याचा मला त्रास होतो, तिला असं दाखवायला उभं करायचं होतं का मी? पण काकांनी दुधाची पिशवी बॉनेटवर ठेवली, पुढे येऊन वॉकर धरला आणि म्हणाले, "वहिनी, सावकाश. माझ्या खांद्यावर हात ठेवा." आईने खांद्यावर हात ठेवला. एक रिक्षा अगदी जवळून गेली, तिच्या वाऱ्याने आईच्या साडीचा पदर उडाला. काका कोपऱ्यापर्यंत सोबत आले आणि काही न बोलता परत गेले.

एसयूव्ही दोन दिवसांत हलली. त्यांच्या कंपाउंडमध्ये टाकीजवळ कोणाचं तरी जुनं फर्निचर आणि तीन बंद पडलेल्या स्कूटर कित्येक वर्षं पडून होत्या. काकांनी सेक्रेटरींच्या मागे लागून ते भंगारात काढलं. गाडी आत गेली. अठ्ठावीस फ्लॅटवाल्यांना इतकी वर्षं जी जागा दिसली नव्हती ती भंगारवाल्याने एका दुपारी मोकळी केली.

लाल गाडी त्यांच्या मुलाची. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, लहानपणी आमच्याकडे कॅरम खेळायला यायचा. तो म्हणाला, "ताई, तू तीन महिन्यांनी जाशील. आम्हाला इथेच राहायचंय." हे वाक्य मला लागलं. पण मी गेल्यावर आईलाही इथेच राहायचंय.

म्हणून मी काकांना सांगून तक्रार केली. "काका, मी ट्रॅफिक पोलिसांकडे फोटो पाठवणार आहे. तुम्हाला न सांगता करणार नाही." ते म्हणाले, "कर. मी त्याला सांगून थकलो." आपल्याकडे कायदा नाही असं अजिबात नाही. मोटार वाहन कायद्याखालच्या 2017 च्या ड्रायव्हिंग नियमांत फुटपाथवर गाडी लावायला स्पष्ट मनाई आहे. कलम 177 खाली दंड पहिल्यांदा 500 रुपयांपर्यंत आणि पुन्हा केलं तर 1500 पर्यंत. 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्याविना फुटपाथ वापरणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. पहिल्या दोन तक्रारींचं काही झालं नाही. तिसऱ्या वेळी चलन आलं, आणि मग दहा दिवसांनी आणखी एक.

हे सगळं वाचताना 1985 चा निकाल पुन्हा समोर आला. मुंबईच्या फुटपाथवर झोपड्या बांधून राहणाऱ्यांच्या त्या खटल्यात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, आणि तरीही फुटपाथ येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी आहेत, तिथे कायमचं ठाण मांडता येणार नाही असं सांगितलं. त्या माणसांना राहायला दुसरी जागा नव्हती. त्यांना उठवताना जो नियम लावला, तो बारा लाखांच्या गाडीला लावायला आपल्याला इतकं जड का जातं, याचा मला राग येतो. पथारीवालीची टोपली उचलणारी गाडी आमच्या गल्लीत आठवड्यातून दोनदा येते आणि त्या लाल गाडीला वळसा घालून जाते.

उताराचं काम अजून राहिलंय. महापालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तक्रारीचा नंबर आईच्या फ्रिजवर चिकटवला आहे, म्हणजे मी गेल्यावर तिला पाठपुरावा करता येईल. काकांनीही तो स्वतःच्या डायरीत उतरवून घेतला. फक्त एक सांगितलंय: गाड्या चढू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब ठोकू नका, आणि ठोकलेच तर मधून व्हीलचेअर जाईल एवढं अंतर ठेवा. असे खांब व्हीलचेअरवाल्यांची वाट अडवतात म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला 2023 मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. एका अडथळ्यावर दुसरा नको.

लाल गाडी आता सोमवार ते शुक्रवार दिसत नाही. शनिवारी रात्री येते, रविवारी दिवसभर असते. रविवारी आई घरातच चालते.

काल गुरुवार होता. आई टिळक मंदिराच्या लायब्ररीपर्यंत गेली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मधे दोनदा थांबली, एकदा नारळवाल्याच्या स्टुलावर बसली. परतताना काका गेटाशी उभे होते. आईने वॉकरच्या पिशवीतून पुस्तक काढून त्यांना दाखवलं आणि म्हणाली, "पंधरा दिवसांची मुदत आहे. परत द्यायला जावंच लागेल आता."