दा नांगची पहाट

पुण्यातली टीम दहाला कामाला बसते तेव्हा थायलंड आणि व्हिएतनाम, दोन्हीकडे साडेअकरा झालेले असतात. रात्री साडेआठच्या आत लॅपटॉप मिटत नाही, त्यामुळे संध्याकाळ गेलीच म्हणायची. हातात उरते ती सकाळ. राहायला थायलंडमधलं चियांग माई की व्हिएतनाममधलं दा नांग, हे मी आधी भाडं आणि वायफायवरून ठरवायला बसले होते. दोन्हीकडे दोन्ही चांगलंच होतं.

चियांग माईत डिसेंबर-जानेवारी सुखात गेले. गॅलरीतून दोई सुथेपचा डोंगर दिसायचा. उठलं की जुन्या शहराभोवतीच्या चौकोनी खंदकाला चक्कर मारायची, पाय दुखले तर लाल सोंगथाऊला, म्हणजे तिथल्या शेअर टॅक्सीला, हात दाखवायचा. फेब्रुवारी सरता सरता डोंगर फिका पडत गेला आणि मार्चमधल्या एका सकाळी दिसेनासाच झाला. आजूबाजूला वणवे लागतात, शेतकरी मक्याची शेतं जाळतात. शहर खोलगट भागात वसलेलं, धूर बाहेर पडत नाही. सकाळी घसा खवखवत उठायचं, खिडक्या लावून बसायचं. दुरून काम करणाऱ्यांना मिळणारा थायलंडचा डीटीव्ही व्हिसा पाच वर्षांचा, एका खेपेला १८० दिवस राहता येतं, म्हणून जो तो चियांग माई सुचवतो. या धुराचं मला कुणी ठासून सांगितलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

दा नांगला पहिल्या रात्री झोप लागली नाही. पाचला उठून 'मी खे' नावाच्या किनाऱ्यावर गेले, तर अर्धं गाव तिथे! आजोबा वाळूत व्यायाम करत होते, आज्या गळ्याइतक्या पाण्यात गोल करून गप्पा मारत होत्या. डावीकडे सोन त्रा टेकडीवरची ६७ मीटर उंच पांढरी मूर्ती हळूहळू उजळत होती. आणि मग समोर, पाण्यातून, सूर्य वर आला. मी गुहागरची. आमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. तिथून उगवताना मी कधी पाहिलाच नव्हता.

मी काठावरच उभी होते. एका आजीने हाताने 'ये, ये' केलं, मग स्वतःच बाहेर येऊन माझं मनगट धरलं आणि कमरेइतक्या पाण्यात नेऊन सोडलं. भाषा एकमेकींची शून्य. लाट आली की ती माझा दंड धरायची. माझी आजी सगळा जन्म समुद्राच्या गाजेत राहिली, पण घोट्यापलीकडे कधी पाण्यात उतरली नाही. बायकांनी उतरायचंच नसतं, असं ती म्हणायची. मला तिथे रडू आलं.

त्याच दिवशी अन थुओंग भागात खोली घेतली. शाकाहारी खाणावळीवर 'चाय' अशी पाटी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला तिथे बसायला जागा मिळत नाही. ई-व्हिसा ९० दिवसांचाच, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे पाऊस झोडपतो, हे माहीत आहे. त्या वेळी मी गुहागरला असेन. आईला पाण्यात न्यायचं आहे.