सांगलीहून कोरातला : व्हिसा, वर्क परमिट आणि पगाराची पट्टी

मी थायलंडमधल्या कोरातच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. भारतीयांना परदेशात इंग्रजी शिकवायला घेतात का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. घेतात. पण कुठल्या देशात, कुठल्या कागदांवर आणि किती पगारात, या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सांगलीच्या विश्रामबागची. शिवाजी विद्यापीठातून एम. ए. इंग्रजी, मग बी. एड. सांगलीतल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. हे तासिका तत्त्व म्हणजेच सीएचबी. ते केलेल्यांना पुढचं सांगायला नको. सुट्टीत पगार नाही, बिलं निघतील तेव्हा निघतील, आणि नवं वर्ष सुरू झालं की पुन्हा मुलाखत. २०२४ ची दिवाळी झाल्यावर मी बाहेरच्या जाहिराती बघायला लागले.

पहिली चाळण पासपोर्टचीच लागते. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारामुळे आपल्या प्रशिक्षित शिक्षकांना त्यात एक फट ठेवलीय, पण त्या फटीतून आत गेलेलं मला कोणी भेटलं नाही. चीनलाही 'नेटिव्ह स्पीकर', म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच, हवेत. थायलंडमध्ये मात्र फिलिपिन्सचे शिक्षक भरपूर आहेत, म्हणजे दार उघडं आहे. बिगर-नेटिव्हाकडं पदवी हवी आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल हवा. बहुतेक शाळा टोइकचे ६०० गुण किंवा आयईएलटीएस मागतात. टीवायच्या वर्गाला भाषाविज्ञानाचा पेपर शिकवणाऱ्या बाईनं पुण्याला जाऊन, १७-१८ हजारांच्या घरातली फी भरून, आपल्याला इंग्रजी येतं हे सिद्ध करायचं. राग आला, पण रागाला कुठल्याच अर्जात रकाना नसतो. परीक्षा दिली. सोबत टेफलचा, म्हणजे परक्यांना इंग्रजी शिकवण्याचा, १२० तासांचा ऑनलाइन कोर्सही उरकला.

या काळात एक एजंट भेटला. एसी ऑफिस, भिंतीवर झेंडे. त्याचं म्हणणं, "मॅडम, थायलंडला आपल्याला व्हिसाच लागत नाही. फिरायला म्हणून जायचं, तिथं गेल्यावर कन्व्हर्ट करून देतो." शाळेचं नाव मात्र पैसे भरल्यावर सांगणार. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाकडं परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सचा परवाना लागतो, तो ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो, आणि त्याला उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. मी परवाना नंबर विचारला तर त्यानं चहा मागवला.

फिरायच्या प्रवेशावर शिकवणं हा थायलंडमध्ये गुन्हा आहे. पकडलं तर दंड, परत पाठवणी, आणि शाळा हात वर करते. त्याहून मोठी भीती घरच्यांना होती. थायलंडमध्ये नोकरी म्हणून बोलवायचं आणि सीमेवरच्या मे सॉट गावावरून नदीपलीकडं म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेऊन डांबायचं, हे प्रकार २०२२ पासून चाललेत. मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं, तेव्हा माझी कागदपत्रं अर्धी झालेली. मिरजेचा मामा थेट घरीच आला. "ताई, पोरीला एकटीला धाडतीयास व्हय? टीव्ही बघतीस का न्हाई?" आई गप्प. मी मामाला शाळेचा परवाना, थायलंडच्या शिक्षण खात्याच्या यादीतलं नाव आणि नकाशावरची इमारत दाखवली. मामाचं समाधान झालं नाही, पण त्यानं चहा घेतला.

शाळा मला थेट जाहिरातीतून मिळाली. नाखोन रात्चासिमा, ज्याला सगळे कोरात म्हणतात. बँकॉकपासून साधारण अडीचशे किलोमीटर. खासगी शाळा, प्राथमिकचे वर्ग. मुलाखत व्हिडिओवर झाली आणि तिच्यात डेमो लेसन होता. समोर मुलं नाहीत, तीन बायका बसल्यात आणि त्या सहा वर्षांच्या असल्यासारखं मी त्यांना प्राणी शिकवतीय. फोन चिवड्याच्या डब्याला टेकवलेला, हातात भाचीचा कापडी हत्ती. त्यांनी माझ्या एम. ए.बद्दल एकही प्रश्न विचारला नाही. हत्ती बघून तिघी हसल्या, तिथंच काम झालं असावं.

आता कागद. पोलिसांचा दाखला दोन ठिकाणी मिळतो आणि तिथंच लोक गडबडतात. एसपी ऑफिसकडून ऑनलाइन मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला इथल्या नोकरीसाठी असतो. व्हिसासाठी पासपोर्ट सेवेच्या साइटवरून पीसीसीचा, म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटचा, अर्ज करायचा. फी ५०० रुपये, आणि दाखल्यावर देशाचं नाव येतं. २०२२ च्या सप्टेंबरपासून हा अर्ज पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातही घेतात, त्यामुळं माझं काम सांगलीतच झालं. पडताळणीला आलेल्या हवालदारांनी शेजारच्या जोशीकाकूंना साक्षीदार म्हणून विचारलं, "मुलगी कशी आहे?" काकूंनी माझ्या दहावीच्या मार्कांपासून सुरुवात केली.

पदवीचं प्रकरण लांबलं. प्रोव्हिजनल चालत नाही, पदवीदान झालेलं प्रमाणपत्रच लागतं. मग त्यावर राज्याचं प्रमाणीकरण, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं, त्यावर थाई वकिलातीचा शिक्का. सगळे एजंट 'अपोस्टिल करून देतो' म्हणतात. अपोस्टिल म्हणजे परदेशात कागद खरा मानावा म्हणून लावायचा शिक्का, तो हेग करारातल्या देशांना चालतो. भारत त्यात २००५ पासून आहे, चीन २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आला, थायलंड मात्र माझ्या वेळी त्यात नव्हता. म्हणजे थायलंडसाठी अपोस्टिलचे पैसे मोजले असते तर कागद सुंदर दिसला असता, कामाला आला नसता. मंत्रालयाच्या साध्या प्रमाणीकरणाला सरकारी फी नाही, अपोस्टिललासुद्धा कागदामागं ५० रुपयेच आहेत. २०१२ पासून मंत्रालय स्वतः खिडकीवर कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावे लागतात, त्यांचा सेवाआकार वेगळा. बाकी जे हजारो रुपये सांगतात ते पळापळीचे.

आणि नाव. आपल्या पदवीवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. शाळेतली कारकून बाई मला आडनावानंच हाक मारत होती, ते चाललं असतं. पण अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, ज्ञानदेव हे नाव पदवीवर शेवटी 'व्ही' लावून, पासपोर्टवर 'ओ' लावून. शाळेनं विचारलं, ही दोन माणसं कोण? मग नोटरीकडं प्रतिज्ञापत्र. २०२४ च्या ऑक्टोबरपासून १०० चा स्टॅम्प जाऊन ५०० चा आलाय. तुमच्या घरात दहावीचं कोणी असेल तर बोर्डाचा फॉर्म भरतानाच वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी लावून घ्या. दहावी झालेली असल्यामुळं पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स न लागणारा, असतो, हेही बघून ठेवा. एमिग्रेशन क्लिअरन्स लागणाऱ्या १८ देशांच्या यादीत थायलंड आहे, ईसीआर, म्हणजे ते क्लिअरन्स लागणारा, पासपोर्ट असेल तर नोकरीवर जाताना वेगळी परवानगी लागते.

करार आला तेव्हा मी पगाराचा आकडा बघून खूश होते. महिना २८,००० बाट. बाट तेव्हा अडीच रुपयांच्या आसपास, म्हणजे सत्तर हजार. अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. त्यांनी चष्मा लावला आणि करार शेतकऱ्याच्या पट्टीसारखा, म्हणजे माल विकल्यावर कपाती वजा करून मिळणाऱ्या हिशेबासारखा, वाचायला घेतला. "हमाली, तोलाई कुठाय यात?"

ती सगळी होती. करार ११ महिन्यांचा होता. थायलंडची शाळा मेच्या मध्यावर सुरू होते आणि मार्चमध्ये संपते, त्यामुळं काही शाळा दहा-अकरा महिन्यांचेच करार करतात. उन्हाळ्यात खोलीभाडं चालू, पगार बंद. व्हिसाची मुदतवाढ १,९०० बाट, एक वर्षाच्या वर्क परमिटचे ३,००० आणि अर्जाचे १००, हे कोण भरणार ते लिहिलेलंच नव्हतं. राहण्याची सोय नव्हती. मी मेल केला. मुदतवाढ आणि परमिट शाळेनं घेतलं, करार १२ महिन्यांचा झाला, घरभाड्याला नाही म्हणाले. विचारलं नसतं तर यातलं काहीच मिळालं नसतं. आपण नोकरी मिळाल्याच्या उपकारात एवढे असतो की पगाराबद्दल बोलायला लाज वाटते. अण्णांना वाटत नव्हती.

कोरातमध्ये साधी खोली ४,५०० बाट, वीज-पाणी १,२०० पर्यंत (एसी लावला तर विसरा). जेवणखाण आणि येणं-जाणं धरून हाताशी बारा-तेरा हजार बाट उरतात. रुपयांत तीस हजारांच्या वर. इन्कम टॅक्स जवळजवळ लागत नाही. वर्षाचे ३,३६,००० बाट, त्यातून खर्चापोटी १,००,००० आणि स्वतःची ६०,००० वजावट, उरलेल्यातले पहिले १,५०,००० करमुक्त, राहिलेल्या २६,००० वर ५ टक्के. म्हणजे वर्षाचे १,३०० बाट.

याच शाळेत वरच्या वर्गाला शिकवणारा एक ब्रिटिश मुलगा आहे. पदवी दुसऱ्याच कुठल्या विषयातली, बी. एड. नाही, पगार ४०,०००. कायद्यात असं कुठं लिहिलेलं नाही. पालक फी भरताना शाळेच्या फलकावरचा चेहरा बघतात आणि शाळा त्या चेहऱ्याचे पैसे देते. मुलगा भला आहे, वर्गाचं नियोजन माझ्याकडून मागून घेतो. मी देते, पण आता तेवढ्या तासांचा मोबदला पुढच्या करारात मागणार आहे.

व्हिसा सोपा गेला. जानेवारी २०२५ पासून भारतीयांसाठी थाई ई-व्हिसा सुरू झालाय, त्यामुळं मुंबईची वारी वाचली. शाळेचं पत्र, शाळेचा परवाना, शिक्षण खात्याची मंजुरी, पदवी आणि पीसीसी जोडून नॉन-इमिग्रंट बी या कामाच्या व्हिसासाठी अर्ज केला. तो ९० दिवसांचा मिळतो. त्या ९० दिवसांत शाळेनं वर्क परमिट काढायचं आणि त्यावर मुक्काम वर्षभर वाढवून घ्यायचा.

वर्क परमिटला डॉक्टरचा दाखला लागतो. गल्लीतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छापील यादी पुढं केली : क्षय, कुष्ठरोग, हत्तीपाय, गरमी (सिफिलिस), दारू, अमली पदार्थ. यातलं काही नाही असं त्यांनी लिहून द्यायचं. त्यांनी माझ्या पायांकडं एक नजर टाकली, हत्तीपायापुढं खूण केली आणि रक्त काढायला बसवलं. शिक्षक परिषदेची, म्हणजे खुरुसपाची परवानगी वेगळी. तिथला अध्यापनाचा परवाना नसेल तर शाळा दोन वर्षांची तात्पुरती परवानगी काढते. माझी तीच आहे.

परमिटवर (माझ्या वेळी ते निळं पुस्तक होतं) शाळेचं नाव, पत्ता आणि पद असतं, आणि काम तेवढंच करायचं. इथं सगळे संध्याकाळी शिकवण्या घेतात, मलाही विचारणा झाली. परमिटमध्ये ती जागा वाढवून घेतल्याशिवाय ते बेकायदा आहे, म्हणून नाही म्हटलं. आणि नोकरी सुटली की मुक्कामाची मुदतही त्याच दिवशी संपते. १,९०० बाट भरून सात दिवस वाढवून मिळतात, तेवढ्यात आवरून निघायचं. म्हणून राजीनाम्याची तारीख भांडणाच्या भरात ठरवू नये. मूळ पदवी शाळेला ठेवून घेऊ देऊ नये. बघायला द्यावी, प्रत द्यावी, मूळ पिशवीत परत.

घरमालकानं आपण राहायला आल्याचं इमिग्रेशनला २४ तासांत कळवायचं असतं, तो टीएम ३० फॉर्म. दर ९० दिवसांनी आपण पत्ता कळवायचा, तो टीएम ४७, फुकट. विसरलं तर २,००० बाट दंड.

सांगलीच्या बँकेत माझं साधं बचत खातं होतं. नोकरीसाठी बाहेर गेलं की ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं साधं खातं, करून घ्यावं लागतं, आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई उघडावं. बँकेतल्या साहेबांनी आधी "कशाला, चालतंय तसंच" म्हणून टाळलं. आपण निघायच्या आधीच तो फॉर्म मागून घ्यावा, कारण नंतर प्रत्येक सही कुरिअरनं फिरते.

आणि ऑक्टोबरच्या सुट्टीत घरी यायचं असेल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट घ्या. एका वेळेचं १,००० बाट, कितीही वेळेचं ३,८००. ते न घेता विमानात बसलात तर वर्षभराची मुदतवाढ तिथंच रद्द होते आणि पुन्हा नॉन-बी पासून सुरुवात.