तीन दिवस कोल्हापुरात, ओपनफोम शिकायला

साताऱ्याहून कोल्हापूरला आजवर गेलो ते अंबाबाईच्या दर्शनाला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. जानेवारीतल्या त्या शुक्रवारी मात्र सॅकमध्ये लॅपटॉप, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि दोनशे पानी वही होती. मी डिप्लोमाच्या मुलांना फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतो. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, राजारामपुरीत राहतो, एका फौंड्रीत डिझाइनचं काम बघतो आणि प्रवाहाची गणितं ओपनफोम या सॉफ्टवेअरवर करतो. दोन वर्षं मी फोनवर त्याच्या मागे लागलो होतो. शेवटी म्हणाला, "फोनवर न्हाई जमायचं. तीन दिवस काढून ये. आणि येताना इन्स्टॉल करूनच ये."

हे शेवटचं वाक्य मी मनावर घेतलं नाही आणि त्यात पहिली संध्याकाळ गेली. म्हणून तुम्हाला आधी तेच सांगतो. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय), त्यात उबुंटू हे लिनक्स, त्यावर ओपनफोम आणि चित्रं बघायला पॅराव्ह्यू एवढं घरच्या इंटरनेटवर उतरवून, एकदा चालवून बघूनच बस पकडा. सरावाच्या उदाहरणांना आठ जीबी रॅम पुरते. फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या आतल्या होम फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवरून वाचालिहायला फार वेळ लागतो. फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडू नका. मी सोडली होती, आणि कमांड का अडते आहे ते कळायला जेवणाची वेळ झाली.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. हे सॉफ्टवेअर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात वाढलं आणि २००४ मध्ये जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुलं झालं. आज त्याच्या दोन मुख्य शाखा आहेत. एकीच्या आवृत्त्या १०, ११, १२ अशा साध्या आकड्यांच्या, दुसरीच्या वर्ष-महिन्याच्या, म्हणजे २४०६ ही जून २०२४ ची. पहिल्या शाखेत ११ पासून सॉल्व्हर, म्हणजे प्रत्यक्ष गणित सोडवणारा भाग, चालवायची पद्धतच बदलली. पूर्वी 'इंटरफोम' अशी स्वतंत्र कमांड होती, आता 'फोमरन' म्हणून त्याला मॉड्यूलचं नाव द्यायचं. माझ्या हातातली टिपणं जुनी, लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर नवं. दादाने टिपणं बाजूला ठेवायला लावली आणि सॉफ्टवेअरबरोबर येणारा ट्युटोरियल फोल्डरच उघडला. नवशिक्याने त्याच फोल्डरला धरून राहावं असं माझं ठाम मत झालं आहे. सोबतीला आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे स्पोकन ट्युटोरियल मोफत आहेत, तेही निघण्याआधी बघून ठेवा.

शुक्रवारी रात्री त्या फोल्डरमधलं 'कॅव्हिटी' हे उदाहरण झालं. दहा सेंटिमीटरची चौकोनी पेटी, वरचं झाकण सेकंदाला एक मीटरने सरकतं, आतला द्रव फिरतो. गणितासाठी पेटीची जाळी पाडतात, तिची एका बाजूला २० घरं, म्हणजे एक घर ०.००५ मीटरचं, आणि वेळेचं पाऊलही ०.००५ सेकंद. एका पावलात प्रवाह बरोबर एक घर ओलांडतो, म्हणजे कुरांट नंबर १. घरं ४० केलीत तर पाऊल निम्मं करा. एवढं समजलं की झोपायला हरकत नाही.

शनिवारी सकाळी लॅपटॉपला हात लावायच्या आधी दादाने मला गाडीवर बसवून कसबा बावड्याला राजाराम बंधाऱ्यावर नेलं. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी मोजतात ती इथेच. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. कोल्हापुरी बंधाऱ्याची रचना मी वर्गात फळ्यावर काढतो, पण इतकी वर्षं तो नीट जवळून पाहिला नव्हता. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत एकावर एक बसवलेले बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या. पावसाळ्याआधी बरगे काढून ठेवतात, पूर आणि गाळ मोकळा वाहून जातो. पाऊस सरला की पुन्हा बसवतात. दोन बरग्यांच्या फटीतून पाण्याची पातळ चादर फुटत होती, आणि खालच्या फटीतलं पाणी वरच्यापेक्षा जोरात लांब पडत होतं.

"दोन मीटर खालच्या फटीतून किती वेगानं येईल? वहीत लिही," दादा म्हणाला. मी लिहिलं: दोन गुणिले ९.८१ गुणिले दोन, त्याचं वर्गमूळ, सेकंदाला साधारण ६.३ मीटर. "असंच करायचं. आधी वहीत, मग कंप्युटरवर. रंगीत चित्र बघून कुणालाबी बरोबर वाटतं."

घरी वहिनींनी मिसळ केली होती. ती खाऊन 'डॅमब्रेक' हे धरण फुटण्याचं उदाहरण उघडलं. ०.५८४ मीटरची टाकी, डाव्या कोपऱ्यात पाण्याचा खांब ०.१४६१ रुंद, ०.२९२ उंच, मध्ये तळाला एक छोटा अडथळा. 'ब्लॉकमेश'ने जाळी होते, 'सेटफील्ड्स'ने त्यात पाणी भरतं, मग सॉल्व्हर. चालवण्याआधी मी वहीत हिशेब केला: पाण्याचं क्षेत्रफळ भागिले टाकीचं, अडथळा वजा करून. उत्तर ०.१२५५. पडद्यावर धावणाऱ्या ओळींत पाण्याचा वाटा छापून येत होता ०.१३०. शंभरात चार भाग पाणी जास्त!

दोन वेळा हिशेब तपासला, तेच उत्तर. दादा काही सांगेना. "जाळी बघ की," एवढंच म्हणाला. पॅराव्ह्यूमध्ये जाळीच्या रेषा चालू केल्या आणि घरं मोजली. अडथळ्यापर्यंत २३ घरं, एकेक १.२७ सेंटिमीटरचं. पाण्याची रुंदी साडेअकरा घरांची. पण 'सेटफील्ड्स' अर्धं घर भरत नाही. घराचा मध्य आपण पाण्यासाठी दिलेल्या चौकटीत आला तर अख्खं घर पाणी, नाहीतर अख्खं हवा. बाराव्या घराचा मध्य ०.१४६० वर, चौकट ०.१४६१ वर. एका दशांश मिलिमीटरने ते घर आत गेलं होतं. बारा घरांची रुंदी घेऊन, उंचीतही तसंच करून पुन्हा मांडलं, तर ०.१३०२. त्या क्षणी जो आनंद झाला तो मला लपवताच येईना. वहिनी स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून बघायला आल्या.

हा आकडा शेवटपर्यंत हलता कामा नये, पाणी कुठे जात नाही ना ते त्यावरून कळतं. माझा हलला नाही. तुम्हीही हे उदाहरण घ्या, आणि चलच्चित्र बघण्याआधी हा एक आकडा वहीत जुळवा. चूक आली तर शेवटची ओळ बघून घाबरू नका, फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक वरती दिलेला असतो. माझ्या बहुतेक चुका अर्धविरामाच्या निघाल्या.

रविवारी शिरोलीत दादाच्या ओळखीच्या एका शेडमध्ये ओतकाम पाहिलं. जुन्या मोल्डरकाकांना लॅपटॉपवर उष्णतेचं साधं उदाहरण दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "शेवटाला गरम कुठं राहतंय, ते दावतंय का हे?" पोकळी धरते ती तिथेच, म्हणून रायझर (आटणारी जागा भरून काढणारा जादा धातूचा साठा) तिथे द्यायचा, हे त्यांना हाताने माहीत आहे. असा माणूस भेटला तर त्याच्यापाशी तासभर बसाच.

राहायचं तर मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास लॉज आहेत. साताऱ्याकरांनी एसटीच धरावी, आपलं रेल्वे स्टेशन गावाबाहेर पडतं. जेवायला तांबडा-पांढरा, पण रात्री. दुपारी खाल्लात तर जाळी बघवणार नाही.

निघताना दादाने वहीत पुढचं काम लिहून दिलं: डॅमब्रेकमधला अडथळा पाण्याच्या खांबाला टेकवून उंच करायचा, त्यात खाली एक फट ठेवायची आणि फटीतला वेग आधी लिहायचा. पाण्याची उंची ०.२९२ मीटर, म्हणजे तळाशी सेकंदाला २.४ मीटर. लिहून ठेवलाय. जाळी अजून जमायची आहे.