गुंतवळाची पिशवी

तुळशीची लग्नं लागली की आमच्या धंद्यात पाणी प्यायला फुरसत नसते. त्या शनिवारी दुपारी एक फेशियल चालू, एक काकू डोक्याला मेंदी थापून बसलेल्या, एक पोरगी केस कापायला थांबलेली आणि दारात चपला काढत असलेल्या सासूसुना. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं माझं पार्लर म्हणजे एक खोली आणि मागं मोरी, खासबाग कुस्ती मैदानापासून चालत पाच मिनिटं. एवढी माणसं आली की आरशात सुद्धा गर्दी दिसते.

सून ओळखीची. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. दोन वर्षांपूर्वी दिराच्या लग्नाआधी माझ्याकडंच स्मूदनिंग, म्हणजे केमिकल लावून केस गुळगुळीत करणं, केलं होतं. खुर्चीत बसायच्या आधीच तिनं पर्समधून एक धुतलेली दुधाची पिशवी काढली आणि कंगव्यांच्या शेजारी ठेवली. पिशवीत केस होते. चांगला मोठ्या पेरूएवढा गुंता.

"ताई, हे एका धुण्यातलं. एका! आता तुम्हीच सांगा."

चौदा वर्षांत बायकांनी मला फोटो दाखवलेत, उशीचे अभ्रे दाखवलेत, पण पुरावा असा पिशवीत बांधून कुणी आणला नव्हता. मेंदीवाल्या काकू "आगं बाई" म्हणाल्या आणि तिचा चेहरा आणखी पडला.

आजी, म्हणजे तिच्या सासूबाई, बाकड्यावर टेकत म्हणाल्या, "शाम्पूनं झालंय ते. पैल्यांदा दोन दिसाआड डोकं धुवायची. मी म्हणलं, बास. आता बारा दिवसांनी धुती. तरी बघा ही दशा."

"बारा दिवसांनी?" मी वळून सुनेकडं बघितलं.

"कधी पंधरा पण होतात. धुवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो हो. मोरीची जाळी बघवत नाही. मधे विंचरत पण नाही, आंबाडा घालते आणि वर हेल्मेट." मग जरा थांबून, अगदी साधेपणानं म्हणाली, "आणि तुम्हीच सांगितलं होतं की ताई. आठवड्यातनं एकदाच धुवा म्हणून."

सांगितलं होतंच. स्मूदनिंग झालं की आम्ही सगळ्यांना तेच सांगतो. पहिले तीन दिवस पाणी लावू नका, नंतर सल्फेट नसलेला शाम्पू वापरा, आणि आठवड्यातनं एकदाच. ते सांगणं त्या केमिकल लावलेल्या केसांपुरतं असतं. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. दोन वर्षांत तिच्या डोक्यावर वीतभर नवा केस आला होता आणि जुना बराचसा मीच कापून टाकला होता. केस गेले, माझं वाक्य मात्र तिच्याकडं राहिलं, आणि सासूबाईंच्या हातात पडून त्या एका आठवड्याचे बारा दिवस झाले.

तिला स्पा हवा होता. 800 रुपयांचा. गरम तेलाचं मालिश, वाफ, क्रीम. आजी पैसे द्यायला तयार होत्या, म्हणजे प्रकरण गंभीरच होतं.

मी म्हटलं, आधी मोजूया.

खरं तर हे मी म्हटलंच नाही. केस कापायला थांबलेली पोरगी म्हणाली. सोळा वर्षांची, कुस्ती खेळते, तासभर झाला होता बसून आणि मोबाइलची बॅटरी संपलेली. "मोजूया की ताई, मी मोजतो." (आमच्याकडं पोरी पण 'मोजतो'च म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) मग पांढरा टॉवेल पसरला. ती, माझी मदतनीस आणि हात मोकळा झाला की मी, तिघींनी मिळून गुंता सोडवत दहा-दहाच्या जुड्या लावायला सुरुवात केली. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि त्यातले रोज 50 ते 100 गळणं हे नेहमीचं, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. मी ते गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगतही आले. प्रत्यक्षात कधी मोजले नव्हते. पन्नास केस म्हणजे दिसायला किती, हे त्या दिवशी टॉवेलवर पहिल्यांदा बघितलं. लांब केसांचे पन्नास म्हणजे अंगठ्यावर दोन वेढे. सासूसमोर मोरीत तेवढे दिसले तर कुणीही घाबरेल.

मोजता मोजता एक गोष्ट सुनेला दाखवली. बहुतेक केसांच्या एका टोकाला बारीक पांढरा मणी होता. ती लगेच म्हणाली, "तेच ना, मुळासकट येतात." सगळ्याच बायका असं म्हणतात. पण मूळ कातडीतच राहतं. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग वाढ थांबते, तीनेक महिने तो नुसता जागेवर अडकून असतो आणि मग सुटतो. तो पांढरा मणी म्हणजे त्याचा काळ भरला होता याची खूण. शाम्पूनं तो उपटलेला नसतो. आधीच सुटलेला असतो, आंबाड्यात गुंतून बसलेला असतो, पाण्यानं खाली येतो एवढंच. रोज विंचरणाऱ्या बाईचे कंगव्यात येतात, दोन दिवसांनी धुणारीचे थोडे-थोडे जाळीवर येतात. बारा दिवस न विंचरता राहिलेलीचे एकदम पेरूएवढे येतात.

साठाव्या जुडीच्या आसपास पैलवान पोरगी थांबली. "ताई, ह्यो लाल हाय."

उजेडात धरला. मुळाकडं पांढरा, पुढं तांबूस. मग दुसरा सापडला, तिसरा. सुनेच्या डोक्याला मेंदीचा कधी हात लागलेला नाही, मला पक्कं माहीत. सगळ्यांच्या माना एकदम बाकड्याकडं वळल्या.

आजी पदर सावरत म्हणाल्या, "काय बघतासा? माझा गुंतवळ पण त्याच पिशवीत टाकती मी. पिनावाली येती न्हवं दारात, केसावर पिना देती. दोघींचा मिळून टाकला की वाईच जास्ती हुतो."

सून आजींकडं बघतच राहिली. "आई, मग सांगायचं नाही का! मी महिनाभर झोपले नाहीय."

"तू इचारलंस कुठं."

लाल-पांढरे वेगळे काढले, तुटलेले तुकडे बाजूला केले. एकूण 712, त्यात आजींचे 94. सुनेचे राहिले 618. आजींनीच तोंडी भागाकार केला. एकेकाळी दूध डेअरीचा हिशेब त्यांच्याकडं असायचा. "बारानं भागलं की एक्कावन्न. आणि वर थोडं." पन्नास ते शंभरातला अगदी खालचा आकडा. सून हसायला लागली आणि हसता हसता डोळ्यांतनं पाणी काढलं.

पण केस ठीक म्हणून डोकं ठीक, असं नव्हतं. भांग पाडून बघितलं तर टाळूवर पिवळसर, तेलकट पापुद्रे चिकटलेले. कपाळाच्या कडेला आणि कानामागं लाली, भुवयांमध्ये सुद्धा कोंडा. आंबूस वास. खाज येते का विचारलं तर म्हणाली, हेल्मेट काढलं की दहा मिनिटं नुसतं खाजवते. त्यावर उपाय म्हणून आजी रोज रात्री तेल थापत होत्या. कोंडा म्हणजे कोरडेपणा, त्यामुळं तेल पाजायचं, हे आमच्याकडच्या घराघरांतलं गणित. हिचा कोंडा तसला नव्हता. टाळूवर एक सूक्ष्म बुरशी सगळ्यांच्याच असते, ती कातडीच्या तेलावर जगते. तेल, घाम आणि बंद हेल्मेट, वर बारा दिवस धुणं नाही. म्हणजे त्या बुरशीला पंगतीलाच बसवलं होतं.

आजींचं चुकत होतं असंही म्हणवत नाही. त्यांचं डोकं मी हातानं बघितलं. टाळू कोरडी, केस मऊ, विरळ. वय झालं की कातडीचं तेल कमी होतं. त्या दर शुक्रवारी शिकेकाईनं न्हातात आणि त्यांना तेवढं पुरतं. आयुष्यभर जे स्वतःला मानवलं तेच त्यांनी सुनेला लावलं. सुनेचं वय चौतीस, केस सरळसोट. सरळ केसावरनं तेल टाळूपासून टोकापर्यंत घसरत जातं, म्हणून दुसऱ्या दिवशी डोकं चपटं दिसतं. माझी मदतनीस कुरळ्या केसांची, तिचं तेल वळणावळणांत अडकतं, टोकाला पोचतच नाही. ती आठवड्यातनं एकदा शाम्पू करते आणि तरी टोकं गवतासारखी म्हणून रडते. सुनेच्या केसांना लागतं तितक्यांदा तिला धुवायला लावलं तर केसांचा काथ्या होईल.

आजी पैलवान पोरीकडं वळल्या. "आणि तू कवा धुतीस गं?"

"रोज की आजी. दोन टाइम प्रॅक्टिस असती. मॅटवर आपला घाम, दुसरीचा घाम, सगळं डोक्याला. न्हाई धुतलं तर गजकर्ण हुतंय."

"रोज? आणि गळत न्हाईत?"

पोरीनं मान खाली घालून डोकं आजींपुढं केलं. बॉयकट, दाट, ब्रशसारखं. आजींनी त्यात बोटं घालून दोनदा ओढून बघितलं. काही आलं नाही. मग त्यांनी सुनेच्या डोक्याकडं बघितलं आणि बराच वेळ गप्प बसल्या. माझ्या दहा वाक्यांनी जे झालं नसतं ते त्या डोक्यानं केलं.

स्पा मी केला नाही. असल्या डोक्यावर तेल जिरवून वाफ देणं म्हणजे आगीत रॉकेल, आणि ती लाली हे माझ्या हातातलं काम नव्हतंच. कातडीच्या डॉक्टरांकडं जा म्हटलं. तोवर एवढंच सांगितलं की आठवड्यातनं तीनदा धुवा, फौंड्रीतनं आल्यावर संध्याकाळी. शाम्पू मगात पाणी घालून पातळ करा आणि टाळूला लावा, लांबीला नको, फेस खाली उतरताना लांबी आपोआप धुते. नखं नाही, बोटांची पेरं. कंडिशनर उलट, फक्त लांबीला. रोज रात्री विंचरा, म्हणजे गळायचे ते रोजच्या रोज दिसतील आणि एकदम धक्का बसणार नाही. हेल्मेटच्या आतलं कापड काढून धुवा. तेल लावायचंच तर टोकांना, न्हायच्या तासभर आधी. हे शेवटचं आजींकडं बघून सांगितलं. त्यांनी छताकडं बघितलं.

डॉक्टरांनी किटोकोनॅझोलचा, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचा, शाम्पू लिहून दिला. आठवड्यातनं दोनदा, लावून पाच मिनिटं ठेवायचा, चार आठवडे. पंधरा दिवसांनी तिचा व्हॉइस मेसेज आला की खाज गेली. "आणि ताई, मी रोज रात्रीचे मोजते आता. काल 38." मोजू नका म्हणून कळवलं. ऐकेल असं वाटत नाही.

मी ड्रॉवरमधलं स्मूदनिंगचं छापील कार्ड काढून बघितलं. 'आठवड्यातून एकदाच धुणे' हीच ओळ, खाली माझा शिक्का. शंभर कार्डं अजून शिल्लक आहेत, फेकवत नाहीत. आता देताना पेनानं पुढं तारीख घालते, इथपर्यंतच म्हणून, आणि पुढच्या वेळी डोकं दाखवायला बोलावते.

त्या दिवशी सगळं आवरून मदतनीस टॉवेल झटकायला निघाली तर आजी केवढ्यांदा ओरडल्या. उठून त्यांनी एकेक जुडी उचलली, लाल आणि काळ्या वेगळ्या ठेवल्या, पिशवीत घातल्या आणि तोंड बांधलं.

"एवढं मोजून, जुड्या लावून दिलंय म्हणल्यावर," त्या चप्पल घालत म्हणाल्या, "पिनावालीनं चार पिना जास्ती द्यायला पायजेत."